खिळा क्रमांक तेवीस

नगरपालिकेच्या कलादालनात मी क्लार्क म्हणून रुजू झाले, त्या दिवशी मला पहिलं काम मिळालं ते एका म्हशीच्या वतीने हजेरी देण्याचं.

सकाळचे अकरा वाजले होते. दालनाच्या मधोमध एक उंच, ताठ, पांढऱ्या मिशांचा माणूस हातात पुठ्ठ्याची वही धरून उभा होता आणि भिंतीकडे बघून ओरडत होता, "नंबर एक! पाण्यातली म्हैस!"

भिंतीवर खरोखरच पाण्यात डुंबणाऱ्या म्हशीचं चित्र होतं. ते अर्थातच काही बोललं नाही. त्या माणसाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"नव्या क्लार्कबाई तुमीच न्हवं?"

"हो."

"मग हजर म्हना की. म्हैस बोलती व्हय?"

मी "हजर" म्हणाले. मग दोन नंबरचा सूर्यास्त हजर झाला, तीन नंबरचे जोतिबाच्या डोंगराला निघालेले बैल हजर झाले, आणि असं करत एक्केचाळीस चित्रांची हजेरी मी एकटीने दिली. घसा कोरडा पडला. पलूसहून आई-वडिलांना सांगून आले होते की कलेच्या क्षेत्रात नोकरी लागली. संध्याकाळी आईचा फोन आला तेव्हा पहिल्या दिवशी काय केलं हे मी तिला सांगितलं नाही.

या गृहस्थांना सगळे सुभेदार म्हणत. फौजेतून निवृत्त होऊन ते आले ते दालनाचे पहारेकरी म्हणून. पुढे दालन सांभाळणारे अधिकारी बदलून गेले, त्यांची जागा कोणी भरली नाही, आणि किल्ल्या सुभेदारांकडे होत्या म्हणून कारभारही त्यांच्याकडेच राहिला. चित्रकलेतलं त्यांना काही म्हणता काही कळत नव्हतं आणि हे ते कोणी न विचारताही सांगत. एकदा एका प्राध्यापकांनी त्यांना एका चित्राविषयी मत विचारलं. सुभेदार म्हणाले, "सर, चित्र चांगलं का वंगाळ ते बघायचं आपलं काम न्हाई. चित्र जाग्याव हाय का न्हाई, ते बघायचं आपलं काम."

नवीन चित्र आलं की त्याची भरती व्हायची. आधी उंची, मग रुंदी, मग चौकटीचे चारही कोपरे ठोकून तपासणी. वजनकाट्यावरसुद्धा ठेवायचे. कोणी विचारलंच तर म्हणत, "खिळ्याला कळाया नको का, किती वजन झेपायचंय ते?" या सगळ्यातून चित्र पास झालं की त्याला नंबर आणि खिळा मिळायचा. खिळ्याच्या बाबतीत मात्र हा माणूस फार हळवा होता. हे दालन गावच्या चित्रकारांसाठी आहे, इथे बाहेरचं कोणी येऊन त्यांना खाली उतरवणार नाही, असं ते प्रत्येकाला हात हातात घेऊन सांगत. खिळा एकदा दिला की दिला. मुंबईच्या एका मोठ्या चित्रकाराचं प्रदर्शन त्यांनी केवळ जागा रिकामी नाही म्हणून परत पाठवलं होतं. त्याबद्दल त्यांना मेमो मिळाला. तो मेमो त्यांनी चौकटीत बसवून आपल्या टेबलामागे लावला, आणि त्यालाही नंबर दिला.

तेवीस नंबरचा खिळा पेंटरचा होता.

पेंटर म्हणजे डोंगराकडच्या एका गावातला, दुकानांचे बोर्ड रंगवणारा म्हातारा. बारीक अंगाचा, बोलताना खाली बघणारा. उभा जन्म त्याने बोर्ड रंगवले आणि मग फ्लेक्स आले. एकेक करून त्याचे सगळे बोर्ड उतरले. तेव्हा त्याने प्लायवूडच्या एका तक्त्यावर, उरलेल्या ऑइलपेंटने, आपल्या गावची बाजारपेठ काढली. माणूस एकही नाही, नुसती दुकानं. आणि प्रत्येक दुकानावर त्याने स्वतः रंगवलेला बोर्ड, अक्षरन् अक्षर. 'केशकर्तनालय, आत या, बसा.' 'सायकली भाड्याने मिळतील.' 'घड्याळ दुरुस्ती, थांबलात तर लगेच.' एका दवाखान्यावर तर 'डॉक्टर जेवायला गेले आहेत' अशी पाटी होती. मी विचारलं तेव्हा पेंटर म्हणाला, "त्ये कायमचंच जेवायला जायचं, म्हनून पक्क्या रंगात करून घेतली."

भूकंप झाला तो हजेरीच्या वेळेला. आमच्या भागात धरणाच्या बाजूने अधूनमधून जमीन हलते, भांडी वाजतात, लोक दारात येऊन एकमेकांना "जाणवला का?" विचारतात आणि परत आत जातात. त्या दिवशीचा धक्का तसा नव्हता. सुभेदार "सतरा!" म्हणाले आणि पायाखालची फरशी हलली. मी किंचाळून बाहेर पळाले. बाहेरून मला त्यांचा आवाज ऐकू येत होता. ते चित्रांना ओरडून सांगत होते, "हलू नका! कुनीबी जागा सोडायची न्हाई!" धक्का थांबला तरी ते बाहेर येईनात. मी भीत भीत आत डोकावले, तर ते वहीत बोट घालून उभे होते.

"अठरा," ते म्हणाले.

"हजर," मी म्हणाले, आणि रडायला लागले.

चित्र एकही पडलं नव्हतं. पण मागच्या भिंतीला छतापासून जमिनीपर्यंत भेग गेली होती. दोन दिवसांनी इंजिनिअर आले, इमारत धोकादायक असा कागद चिकटवून गेले. तिसऱ्या दिवशी पेंटर आला. अंगावर धुळीने भरलेला सदरा, हातात कापडी पिशवी. त्याचं घर पडलं होतं. तो आणि त्याची बायको अंगणात होते म्हणून वाचले. पण ब्रश, रंग, जुन्या बोर्डांचे नमुने, वह्या, सगळं ढिगाऱ्याखाली गेलं होतं.

"साहेब," तो दारातूनच म्हणाला, "माझं ते एक हाय न्हवं?"

सुभेदारांनी त्याला आत नेऊन तेवीस नंबरपुढे उभं केलं. पेंटर बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "आता मी ब्रश धरत न्हाई. कुनासाठी रंगवायचं? ह्ये एक ऱ्हायलंय, तेवढं सांभाळा."

"खिळा तुमचा हाय," सुभेदार म्हणाले. "चित्र हितनं हाललं तर परत हितंच येईल. माझा शब्द."

आणि दुसऱ्याच दिवशी हुकूम आला की चित्रं आरोग्य खात्याच्या गोदामात हलवावीत. मी ते गोदाम पाहून आले. तिथे डासांच्या धुराची यंत्रं होती, ब्लीचिंग पावडरची पोती होती आणि भिंतींना ओल होती. हुकुमात आणखी एक ओळ होती. वर्षभरात कलादालनाला प्रेक्षक नसतील तर इमारत दुरुस्त करून दुसऱ्या खात्याला देण्यात येईल. बंद दालनाला प्रेक्षक कुठून यायचे, हे हुकूम काढणाऱ्याने लिहिलं नव्हतं.

सुभेदारांनी हुकूम दोनदा वाचला, घडी करून खिशात घातला आणि म्हणाले, "बराकी पडल्या तर जवान गावात ऱ्हातो. चला."

त्या आठवड्यात आम्ही दोघं दारोदार हिंडलो. सुभेदार दार वाजवायचे, सलाम ठोकायचे आणि म्हणायचे, "आवं, तुमच्याकडं एक चित्र मुक्कामाला ठिवायचंय. जेवत न्हाई, बोलत न्हाई. भिताड मात्र चांगलं पायजे." घरची माणसं चक्रावून जायची, पण लग्नात पाहुण्यांची सोय शेजारी करायची सवय इथे सगळ्यांनाच आहे, त्यामुळे नाही कोणी म्हणालं नाही. प्रत्येक घराला फौजेतल्या चौकीसारखा पोस्ट नंबर मिळाला. चित्राशेजारी सुतळीला बांधलेली अभिप्राय वही. घरात जो पाऊल टाकेल त्याने सही करायची, ही एकच अट.

लोकांनी ही अट इतकी मनावर घेतली की सांगायची सोय नाही. एका घरी गॅसवाल्याने लिहिलं, 'सिलिंडर दिला. चित्र ठीक.' वीजमीटर बघायला आलेल्याने अभिप्रायाच्या रकान्यात मीटरचं रीडिंग टाकलं. मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांनी लिहिलं होतं, 'मुलगी पसंत. बैल जरा बारीक वाटले.' निळ्या पट्ट्यांचं एक चित्र होतं, ते कशाचं आहे हे काढणाऱ्यालाही सांगता येत नसे. ज्या घरी ते होतं तिथल्या वहिनींनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "लय चांगलं हाय हो. ह्याच्या समोर बसवलं की पावनं लवकर उठत्यात."

मग बदलीचे अर्ज यायला लागले. रीतसर, कागदावर. 'आमच्या गोठ्यात आधीच दोन म्हशी असून भिंतीवर तिसरी नको, तरी कृपया सूर्यास्त मिळावा.' सुभेदारांनी असे अर्ज खरोखर मंजूर-नामंजूर केले. मी टाइप करायची, ते सही करायचे. ज्यांनी चित्रं काढली होती तेही आपापलं चित्र बघायला त्या त्या घरी जाऊ लागले, आणि चहा घेऊन, कोणाच्या तरी नातवाचं नाहीतर नव्या घराचं चित्र काढायचं काम घेऊन परत येऊ लागले. दालनात इतकी वर्षं चित्र लावून त्यांना हे मिळालं नव्हतं. मी तसं सुभेदारांना म्हटलंही. ते म्हणाले, "सुट्टीवर जवान खूश असतोच. म्हनून काय युनिट बंद करायचं?"

पेंटरच्या चित्राला मात्र घर मिळेना. तक्ता जड होता, आणि घराच्या भिंतीवर नुसते बोर्ड कशाला बघायचे, असं लोक म्हणत. शेवटी पिठाची गिरणी चालवणाऱ्या काकी म्हणाल्या, "माझ्या गिरणीत लावा." काकी विधवा, आवाज गिरणीच्याही वर जाणारा, कपाळापासून पायापर्यंत पिठाने माखलेल्या. सुभेदार पाहणीला गेले. त्यांनी फळीवर चहाचा पेला ठेवला आणि गिरणी चालू करायला सांगितली. पेला थरथरत थरथरत कडेला आला आणि खाली पडला.

"हितं तर दिवसभर भूकंपच हाय," ते म्हणाले. "जमायचं न्हाई."

"आवं सुभेदार," काकी म्हणाल्या, "मग चित्राला सवय हुईल की. पुडचा धक्का आला तर त्येला कळायचं बी न्हाई."

सुभेदारांनी यावर बराच विचार केला. "ट्रेनिंग," ते शेवटी म्हणाले, आणि चार जादा खिळे मारून चित्र गिरणीत चढलं. पोस्ट क्रमांक एक्केचाळीस.

गिरणीत माणूस दळण होईपर्यंत थांबतो. थांबला की त्याला काहीतरी वाचायला लागतं. त्यामुळे गिरणीची वही सगळ्यात आधी भरली, मग दुसरी भरली, मग तिसरी. पेंटर दर सोमवारी कोरेगावहून एसटी बदलून यायचा, कोपऱ्यातल्या पोत्यावर बसायचा, काकी देतील तो चहा प्यायचा आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायचा. आपण कोण हे त्याने गिऱ्हाइकांना कधी सांगितलं नाही. मी विचारलं, "काका, काही काढताय का नवीन?" तर त्याने नाही म्हणून नुसती मान हलवली.

वर्ष भरलं तेव्हा आमच्याकडे तीन पोती भरून अभिप्राय वह्या होत्या. मुख्याधिकारी नवे होते, तरुण होते, फार गोड बोलायचे. ते स्वतः आले. वह्या चाळल्या, पाचसहा घरं बघितली, एका घरी पोहे खाल्ले आणि सही केली. सुभेदार कडक इस्त्रीच्या शर्टात त्यांच्यामागे चालत होते. इतका आनंदात असलेला हा माणूस मी आधी पाहिला नव्हता.

"सुभेदार, कमाल केलीत," मुख्याधिकारी म्हणाले. "दालन उघडं असताना जेवढे लोक येत नव्हते, तेवढे आता चित्रं बघतायत. मग त्या इमारतीची गरजच काय?"

आठ दिवसांत लेखी हुकूम आला. कलादालन घरोघरी यशस्वीपणे चालत असल्याने सदर घरे हीच कलादालनाची अधिकृत जागा समजण्यात यावी, आणि इमारत दुरुस्त करून आरोग्य खात्याच्या धुराच्या यंत्रांसाठी देण्यात यावी. सोबत आमच्या कामाचं कौतुक करणारं प्रशस्तिपत्र होतं.

सुभेदार खाली फरशीवर बसले. खुर्चीवरही कधी न बसणारा माणूस. मला त्यांचं फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर रागही आला, कारण त्या वह्यांवर शिक्के मारून माझाही अंगठा दुखत होता.

"क्लार्कबाई," ते म्हणाले, "आपण जितलो का हारलो?"

मी प्रशस्तिपत्राची घडी करून खणात टाकली.

"पेंटरला मी शब्द दिलाय," ते म्हणाले. "एक्केचाळीस जनांना दिलाय." मग त्यांनी हुकूम पुन्हा उघडला. एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं. "अधिकृत म्हंजी काय वो?"

"म्हणजे सरकारी. नगरपालिकेची."

"म्हंजी भिंती बी?"

"भिंतीसुद्धा," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशीपासून ते टेप घेऊन एक्केचाळीस घरांतून फिरले. भूकंपाने त्या घरांना भेगा पडल्या होत्याच. नुकसान किरकोळ म्हणून कोणाला मदत मिळाली नव्हती, लोकांनी भेगांवर कॅलेंडरं लावून टाकली होती. सुभेदारांनी प्रत्येक कॅलेंडर बाजूला करून भेग मोजली, फूट-इंचात लिहून घेतली आणि माझ्याकडून अर्ज टाइप करून घेतला. 'कलादालनाच्या अधिकृत भिंतींना भूकंपात पडलेल्या भेगा बुजवून मिळाव्यात. तसेच एक्केचाळीस जागी प्रत्येकी एक पहारेकरी, एक आग विझवण्याचे नळकांडे व वर्षातून एकदा रंग मिळावा.' शेवटी 'आपला विश्वासू' असं लिहून खाली त्यांनी सलाम ठोकलेला हात काढला. त्यांनी काढलेलं ते एकमेव चित्र. हाताला सहा बोटं होती.

अर्ज दिला आणि ही बातमी त्यांनी घरोघर सांगितली. सोमवारी नगरपालिकेच्या दारात बायामाणसांची रांग लागली. "गवंडी कवा येनार?" एवढाच प्रश्न. मंगळवारी तोच. गिरणीवाल्या काकी तर मुख्याधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये जाऊन बसल्या आणि त्यांच्या खुर्चीवर पिठाचा शिक्का उठवून आल्या. "सरकारी भिताड पडलं आन् माज्या डोक्यात घातलं तर कोन जबाबदार?" असं त्यांनी विचारलं. शुक्रवारी हुकूम मागे घेतला गेला. एक्केचाळीस घरांपेक्षा एक इमारत दुरुस्त करणं सोपं, एवढा हिशेब कोणालाही जमला असता.

भेग बुजली, रंग लागला. चित्रं परत यायच्या दिवशी सुभेदार पहाटेच अंघोळ करून तयार होते. घरोघरची माणसं चित्रं चादरीत गुंडाळून घेऊन आली. कोणी चौकटीला हळदकुंकू लावलं होतं, कोणी सोबत लाडवांचा डबा आणला होता, निळ्या पट्ट्यांवाल्या वहिनी तर पाहुण्यांचं आता काय करायचं म्हणून काळजीत होत्या. एकेक खिळा भरत गेला. तेवीस राहिला.

पेंटर आला तो रिकाम्या हातांनी.

"चित्र?" सुभेदार म्हणाले.

"साहेब, इनंती हाय. माझं तितंच ऱ्हाऊ द्या."

"कुठं?"

"गिरनीत."

सुभेदारांचा चेहरा लाल झाला. "तुमच्या खिळ्यासाठी आख्ख्या नगरपालिकेशी भांडलोय मी! शब्द दिला हुता!"

"ठावं हाय मला." पेंटर नेहमीसारखा खाली बघत होता. "राग धरू नका. हितं लोक येत्यात, हात मागं बांधत्यात, बघत्यात आन् जात्यात. गिरनीत वाचत्यात, साहेब. मोठ्यांदा वाचत्यात. त्यो डॉक्टरचा बोर्ड वाचून हासत्यात. मी बोर्ड केलं त्ये वाचायला केलं. बघायला न्हाई केलं."

सुभेदार तेवीस नंबरच्या खिळ्याकडे बघत उभे राहिले. मग वळले आणि निघून गेले. दालनाचं उद्घाटन त्यांच्याशिवाय झालं. मुख्याधिकाऱ्यांनी भाषण केलं, लाडू वाटले, आणि मी सगळ्यांना खोटंच सांगितलं की सुभेदारांची तब्येत बरी नाही. दोन दिवस ते आले नाहीत. हजेरी मीच घेतली आणि मीच दिली.

सोमवारी ते आले, आणि मला म्हणाले, "चला." त्यांच्या खांद्यावर ज्वारीचं गाठोडं होतं. एकटा राहणारा, खानावळीत जेवणारा माणूस. ज्वारी त्याने खास विकत घेतली होती.

गिरणीत सात-आठ माणसं थांबली होती. पेंटर कोपऱ्यात पोत्यावर होता. सुभेदारांना बघून तो उठायला लागला, तर त्यांनी हातानेच बस म्हणून सांगितलं. गाठोडं रांगेत ठेवलं, चित्रापुढे उभे राहिले, छाती काढली आणि वाचायला लागले. परेडच्या आवाजात. "केशकर्तनालय! आत या, बसा! सायकली भाड्याने मिळतील!" गिरणीच्या घरघरीत अर्धं ऐकू येत नव्हतं. काकींनी बटण दाबून गिरणी बंद केली. सगळी बाजारपेठ सुभेदारांनी डाव्या हातापासून उजव्या हातापर्यंत, एकही दुकान न गाळता, खणखणीत वाचली. डॉक्टर जेवायला गेले तेव्हा माणसं हसली. सुभेदार हसले नाहीत, हसणं संपेपर्यंत थांबले आणि पुढे गेले. पेंटरच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तो ते पुसत नव्हता.

अगदी शेवटी, कोपऱ्यात, एक लहानसा बोर्ड होता. इतके दिवस हजेरी देऊन मला तो दिसला नव्हता. सुभेदार वाकले आणि आवाज खाली आणून त्यांनी तो वाचला. "येथे सर्व प्रकारचे बोर्ड रंगवून मिळतील."



"मिळत्यात का अजून?" काकींनी विचारलं. "न्हाई, माज्या गिरनीला बोर्डच न्हाई. धक्क्यात पडला तवापासनं दार तसंच मोकळं हाय. लोक बाजूच्या घरात दळान घिऊन जात्यात."

पेंटरने सुभेदारांकडे बघितलं, काकींकडे बघितलं. मग तो पोत्यावरून उठला, बाहेर गेला, पायरीवर चढला आणि दाराच्या वरची जागा वितीने मोजायला लागला.